करेक्टेड वय आणि लेकीचं बोलणं

आमची लेक २९व्या आठवड्यात झाली. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरले तर ११ आठवडे आधीच. सुरुवातीला वजन, श्वास आणि दूध यांपलीकडे आम्हाला काही सुचतच नव्हतं. मी इन्क्युबेटरपाशी गप्प उभा असायचो. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या एक सिस्टर म्हणाल्या, "बाबा, बोला की तिच्याशी. तिला ऐकू येतं." गर्भ साधारण २५व्या आठवड्याच्या सुमारास आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतो. आमच्या लेकीने हे दिवस पोटात आईचा आवाज ऐकत काढायचे, तर तिच्या वाट्याला मॉनिटरचे अलार्म आले होते.

पण बोलायचं काय? मग जे चाललं होतं तेच सांगायला लागलो: "आता डायपर बदलतोय, आता आई येईल." पुढे कांगारू केअर सुरू झालं. ती माझ्या उघड्या छातीवर, मी जवळजवळ कुजबुजत. माझा आवाज जरा चढला की तिची बोटं ताठ फाकायची, कपाळाला आठी पडायची, कधी सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडाही उतरायचा. असं दिसलं की बोलणं थांबवायचं, हे सिस्टरांनीच शिकवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त आवाजही सोसत नाही.

घरी सोडण्याआधी कानांची तपासणी झाली. ओएई पास झाली, तरी डॉक्टरांनी बेराचा आग्रह धरला. ओएईत फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद कळतो. तिथून पुढे नस आवाज नीट पोचवते का, ते बेरा सांगते. व्हेंटिलेटर, तीव्र कावीळ आणि काही अँटिबायोटिक्स यांमुळे या बाळांच्या श्रवणाला जास्त धोका असतो. बेराला बाळ झोपलेलं लागतं. आमचं बाळ झोपायचं, कपाळाला इलेक्ट्रोड चिकटला की टक्क जागं! शेवटी झाली, नॉर्मल आली. ही तपासणी कोणी पुढे ढकलायला सांगितली तर ऐकू नका. ऐकण्यात दोष निघालाच, तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेले बरे.

खरा ताण पहिल्या वाढदिवसानंतर आला. "अजून बाबा म्हणत नाही?" हे प्रत्येकाने विचारलं. कॅलेंडरने ती वर्षाची, पण ११ आठवडे वजा केले तर जेमतेम साडेनऊ महिन्यांची. या करेक्टेड वयाला बा-बा-बा, दा-दा-दा अशी बडबड पुरेशी होती आणि ती चालूच होती. दोन वर्षांपर्यंत सहसा हेच वय धरतात.

पण या गणिताची ढालही होऊ शकते. "काकाही उशिराच बोलला होता," असं घरातल्यांनी म्हटलं की सगळेच निवांत होतात. मला हे वाक्य फार घातक वाटतं. आम्ही स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी शब्द मोजलेच नाहीत. नाव घेतल्यावर वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, आपण दाखवलं तिकडे बघते का, हातवारे न करता सांगितलेलं समजतं का, हे त्यांनी पाहिलं. समज वयाप्रमाणे होती, बोट दाखवणं मात्र मागे होतं. मग घरचा अभ्यास: ती बघेल त्या वस्तूबद्दल एक छोटं वाक्य बोलायचं आणि थांबायचं. मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत पुन्हा तोंड उघडायचं नाही. करून बघा, किती कठीण आहे ते! पण त्या शांततेतच तिचा हात वर जायचा, कधी हुंकार यायचा, आणि तो उत्तर म्हणून धरायचा. मोबाईलवरची बडबडगीते बंद केली, त्यावर घरात थोडी धुसफूस झाली, एवढंच.

करेक्टेड दोन वर्षांना ५०च्या आसपास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. शब्द तिने वेळेत गाठले. जोडणी थोडी रेंगाळली आणि "बाबा नको"ने सुरू झाली. थेरपी आता महिन्यातून एकदाच असते, पण फॉलो-अप सोडलेला नाही. लांब वाक्यं, गोष्ट क्रमाने सांगणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं यातल्या अडचणी काही मुलांत शाळेच्या वयातच दिसतात, म्हणून शाळेत घालण्याआधी तिची पूर्ण भाषा-तपासणी करून घेणार आहोत.