टाकी फुल म्हणजे ८० टक्केच
आज कॅम्पर व्हॅनची प्रोपेनची टाकी भरून घेतली. भरणारे काका एकदम शिस्तीचे, आधी इंजिन, शेगडी, फ्रीज, हीटर सगळं बंद करायला लावलं, सगळ्यांना खाली उतरवलं आणि मगच नळी जोडली, बघून खूप बरं वाटलं खरंच. टाकी ८० टक्क्यांवरच थांबवतात कारण उन्हात लिक्विड फुगतं, त्याला वर जागा लागतेच, टाकीवरच्या बारक्या ब्लीडर स्क्रूमधून (८० टक्के भरल्याचं दाखवणारा स्क्रू) पांढरा फवारा आला की बास. आणि हा गॅस हवेपेक्षा जड आहे, लीक झाला तर खाली साचतो, म्हणून डिटेक्टर फ्लोअरजवळच हवा, हे प्लीज कोणी हलक्यात घेऊ नका. निघताना जॉइंटना साबणाचं पाणी लावून बघितलं, एकही बुडबुडा नाही. ब्युटेन हा दुसरा इंधन गॅस शून्य डिग्रीच्या आसपासच ढेपाळतो, लिक्विडचा गॅसच होत नाही, प्रोपेन मात्र उणे ४२ डिग्रीला उकळून गॅस होतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही हीटर चालणार!