बैलगाडीच्या अंतरावरची गावं : अल्बर्टाच्या ओसाड प्रेअरीत बाबांसोबत दोन दिवस

कॅनडातल्या ड्रमहेलरला आलेला प्रत्येक पाहुणा डायनोसॉरच्या सांगाड्यापुढे उभा राहून फोटो काढतो. बाबांनीही काढला. मग बाहेरच्या दुकानात पोस्टकार्डं चाळताना एका कार्डावर त्यांचं बोट थांबलं. गवताच्या सपाट रानात, म्हणजे प्रेअरीत, एकटंच उभं असलेलं, लाकडाचं, उंच खांद्यांचं काहीतरी. "हे काय गं? देऊळ?"

धान्याचं कोठार, म्हटलं. ग्रेन एलेव्हेटर. झालं! परभणीच्या मोंढ्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, त्या माणसाला यानंतर डायनोसॉर दाखवण्यात अर्थ नव्हता. कॅल्गरीहून इथवर दीड तासाची गाडी हाकली होती, एक रात्र राहायचं ठरलंच होतं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार गाठायचा हेही मी आधीच मनाशी धरलं होतं, ते का ते पुढे सांगते.

शनिवारी सकाळी आधी वेन. ड्रमहेलरजवळच्या रोझडेलहून सहा किलोमीटरचा रस्ता आणि तेवढ्यात रोझबड नदीवर अकरा पूल. नदी इतकी वळते की रस्त्यालाच तिला पुन्हापुन्हा ओलांडावं लागतं. पूल एकेरी, समोरून गाडी येताना दिसली तर आपण अलीकडेच थांबायचं. मोठी कॅम्पर व्हॅन असेल तर पुलाशी लिहिलेली वजनाची मर्यादा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाबांनी पूल मोजले, दहा भरले, म्हणून परतताना पुन्हा मोजले.

वेन हे कोळशाचं गाव. १९१३चं रोझडिअर हॉटेल आणि त्याला लागून असलेलं 'लास्ट चान्स सलून' अजून चालू आहे, बाकी गाव म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं. भरात असताना इथे अडीच हजारांच्या आसपास वस्ती होती. ड्रमहेलरच्या या खोऱ्यात १९११पासून शंभराहून जास्त खाणी निघाल्या. मग १९४७च्या फेब्रुवारीत एडमंटनजवळ लेड्यूकला तेल लागलं. इंजिनं डिझेलवर गेली, घरं गॅसवर तापायला लागली आणि कोळशाला गिऱ्हाईकच उरलं नाही. ईस्ट कूलीची अ‍ॅटलस खाण तेवढी १९७९पर्यंत तग धरून होती. तिथला लाकडी टिपल, म्हणजे कोळसा चाळून डब्यांत भरणारा भलामोठा सांगाडा, कॅनडात उभा उरलेला शेवटचा आहे. माहितीफेरी घ्यायची तर दीड-दोन तास हाताशी ठेवा, आणि हिवाळ्यात जाणार असाल तर चालू आहे का ते आधी पाहा. आम्ही बाहेरूनच पाहिलं. बाबांना डोरोथीची घाई झाली होती.

डोरोथी ईस्ट कूलीच्या थोडं पुढे, दहा नंबरच्या रस्त्यावर. परिसरातल्या एका लहान मुलीच्या नावावरून पडलेलं नाव. दोन छोटी चर्च आहेत, लोकांनी पदरमोड करून दुरुस्त केलेली. आणि एक एलेव्हेटर, राखाडी, ऊन खाऊन खाऊन चांदीसारखा झालेला.

कुंपणाबाहेर उभे राहून बाबा अर्धा तास त्याच्याकडे पाहत होते. भिंत कशाची, हा पहिला प्रश्न. फळ्या उभ्या ठोकलेल्या नसतात. दोन इंच जाडीच्या पट्ट्या आडव्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी जोडत नेतात, कारण आतलं धान्य भिंतीला बाहेर रेटत असतं. शेतकऱ्याची गाडी उतारावरून आत यायची, भरलेली गाडी काट्यावर चढायची, मग धान्य खालच्या खड्ड्यात ओतलं जायचं. तिथून पट्ट्याला लावलेल्या छोट्या डोलच्या ते थेट माथ्यावर नेत. आपल्या रहाटगाडग्याचाच प्रकार, फक्त पाण्याऐवजी गहू. वरून ते हव्या त्या कप्प्यात सोडायचं, आणि पलीकडच्या बाजूला रेल्वेचा डबा लागला की नळीतून त्यात. इंजिन मात्र वेगळ्या खोलीत, कारण धान्याची धूळ ठिणगी पकडते.

"आणि काटा कुणाचा?" बाबा.

"कंपनीचा."

"मग मापात पाप होणारच."

झालंच होतं. वजन कंपनीचं, प्रत ठरवणार कंपनीचा माणूस आणि कचऱ्यापोटीचा कडताही तोच कापणार. शेतकरी इतके चिडले की १९००मध्ये संसदेला मॅनिटोबा ग्रेन अ‍ॅक्ट करावा लागला. मग १९१३मध्ये अल्बर्टातल्या शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी एलेव्हेटर कंपनी काढली आणि १९२३मध्ये 'व्हीट पूल', म्हणजे सगळ्यांचा गहू एकत्र विकणारी सहकारी संस्था. हे ऐकताना बाबांच्या चेहऱ्यावर मोंढ्यातली सगळी भांडणं परत आली. "कडता," ते म्हणाले, "जगात कुठंही जा."

मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. ही गावं कुणी पाणी, देवस्थान, किल्ला पाहून वसवली नव्हती. रेल्वेनं रुळांवर साधारण दर आठ-दहा मैलांवर एक एलेव्हेटर येईल अशी ठाणी पाडली, कारण घोडागाडी भरून सकाळी निघालेला शेतकरी धान्य घालून रात्री घरी पोचला पाहिजे. एलेव्हेटरभोवती दुकान, लोहार, शाळा, चर्च, चहाकॉफीचं हॉटेल. बाबा पटकन म्हणाले, "म्हणजे पंचक्रोशीच की." अगदी तीच. फक्त आपल्याकडे गावं आधी आणि अंतर मागून मोजलं गेलं, इथे अंतर आधी आणि गाव मागून. मग अंतरच पुसलं गेल्यावर गाव कशाच्या जोरावर राहणार?

पण अंतर पुसणारे ट्रक येण्याआधी दुष्काळ आला. वसाहत करायला येणाऱ्यांना १८७२च्या कायद्यानं दहा डॉलर फी भरून १६० एकर मिळायचे, अट एवढीच की तीन वर्षं राहा, घर बांधा, जमीन नांगरा. आणि जमीन कुठली? शोधप्रवासी जॉन पॅलिसरनं १८५७ ते १८६०च्या मोहिमेनंतर जो त्रिकोणी पट्टा शेतीला नालायक ठरवला होता, त्यातलीही. १९१५ साली पीक असं काही आलं की सगळे पॅलिसरला विसरले. १९१७पासून पावसानं पाठ फिरवली. दक्षिणेला कार्लस्टाट नावाचं एक गाव होतं. महायुद्धात जर्मन वाटणारं नाव नको म्हणून कॅनडाच्या सैन्याच्या सेनापतीवरून ते अ‍ॅल्डरसन केलं. नाव बदललं, पाऊस काही आला नाही. आज तिथे पायाचे दगड सोडले तर पाहण्यासारखं काही नाही, म्हणून आम्ही गेलोही नाही. तिशीच्या दशकात गव्हाचा भाव कोसळला तेव्हा पेट्रोल परवडेना, लोकांनी मोटारींचं इंजिन काढून पुढे घोडे जुंपले आणि त्या गाडीला पंतप्रधान बेनेटचं नाव दिलं : बेनेट बग्गी. १९३८मध्ये प्रांतानं हा उजाड पट्टा 'स्पेशल एरियाज' म्हणून वेगळ्या मंडळाच्या ताब्यात दिला. हॅनाच्या बाजूला आजही ही पाटी दिसते.

उरलेलं काम डांबरी सडकांनी केलं. ट्रक तासाभरात पन्नास मैल जातो, मग दहा मैलांवरच्या एलेव्हेटरपाशी थांबायचं कशाला? रेल्वेच्या स्वस्त धान्यवाहतुकीचा जुना दर १९९५मध्ये कायमचा संपला, शाखामार्ग बंद होत गेले, आणि तिशीच्या दशकात कॅनडाच्या प्रेअरीभर मिळून साडेपाच हजारांवर असलेले एलेव्हेटर भराभर पाडले गेले. आता मोठमोठी काँक्रीटची टर्मिनल्स आहेत, त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

ओसाड म्हणताना एक मात्र अडखळल्यासारखं होतं. गव्हाच्या आधी हे रान मोकळं नव्हतं. इथल्या मूळच्या ब्लॅकफूट लोकांचं होतं, गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचं होतं. त्यांचा सरकारशी १८७७चा सातवा करार इथून दक्षिणेला बो नदीकाठी झाला, ब्लॅकफूट क्रॉसिंगला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कॅनडाच्या बाजूला बायसनचे कळप जवळपास संपले. वेळ काढून तेही ठिकाण पाहा, नाहीतर गोष्ट मधूनच सुरू होते.

आता आमची फजिती. डोरोथीहून रॉलीला जाताना मी जवळचा म्हणून मातीचा रस्ता धरला. पहाटे पाऊस झाला होता. इथल्या मातीला लोक गम्बो म्हणतात, ओली झाली की चाकाला अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांत बोट शिरत नाही. आपली काळी माती परवडली. दोनशे मीटरवर गाडी आडवी. फोनला रेंज नाही. पाऊण तासानं एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, ओढलं. बाबांनी खिशात हात घातला तर तो हसून म्हणाला, पावसानंतर खडी नसलेल्या रस्त्यावर येऊ नका, तेवढं पुरे.

तेव्हा तुम्हीही येऊ नका. खडीचा रस्ता चालेल, पण समोरून ट्रक आला की वेग कमी करा, काचेला खडा बसतोच. ड्रमहेलरला टाकी भरून घ्या, दोघांमागे चार लिटर पाणी ठेवा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. आणि नकाशा नसला तरी पाट्यांवरून निभावतं : रेंज रोड उत्तर-दक्षिण, एकमेकांपासून एक मैलावर, टाउनशिप रोड पूर्व-पश्चिम, दोन मैलांवर. सरळ चाललेला रस्ता मध्येच काटकोनात वळून पुन्हा सरळ झाला तर चुकलात असं समजू नका. पृथ्वी गोल आणि सर्वेक्षणाच्या रेघा सरळ, त्यांचा मेळ घालायला ठेवलेली ती दुरुस्ती आहे.

पडक्या घरांचं म्हणाल तर, पडकं म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक घराला मालक आहे, बहुतेक वेळा शेजारच्या शेतातलाच. विचारलंत तर अनेकदा हो म्हणतो, न विचारता कुंपण ओलांडलंत तर दंड होऊ शकतो. परवानगी मिळाली तरी आतल्या जमिनीवर भरवसा ठेवू नका, गवतात झाकलेल्या विहिरी असतात. बंद खोलीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर तिथली धूळ उडवू नका, हंटाव्हायरस गमतीची गोष्ट नाही. मे-जूनमध्ये गोचीड, उन्हाळ्यात नदीखोऱ्यात खुळखुळ्या साप, म्हणून पायात बूट. वाळक्या गवतावर तापलेली गाडी उभी केलीत तर वणवा लागतो. आणि काहीही उचलून आणू नका, गंजका खिळासुद्धा.

रॉलीला पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. ५६ नंबरच्या रस्त्यावरून थोडं आत, तीन एलेव्हेटर एका ओळीत. एकेकाळी शेकड्यांनी वस्ती, आता दहाच्या आसपास माणसं. शेवटची रेल्वे जाऊन पाव शतक झालं. ऐंशीच्या दशकात इथे चित्रपटाचं शूटिंग झालं, तेव्हापासून गमतीनं 'रॉलीवूड' म्हणतात. लाकडी फुटपाथ, जुनं स्टेशन. आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सॅम्स सलूनमध्ये पिझ्झा, म्हणून तर मी तारीख धरली होती. आधी चौकशी करून निघा, उशिरा पोचलात तर रांग मोठी. पैसे रोख न्या.

रांगेत आमच्या पुढे आजूबाजूच्या शेतांवरची कुटुंबं होती, गुडघ्यापर्यंत धूळ, कापणीच्या मधल्या वेळात आलेली. पिझ्झाचे पैसे या इमारतींच्या डागडुजीला जातात, असं काउंटरपलीकडच्या बाईंनी सांगितलं. बाबांनी माझ्याकडून अर्थ समजून घेतला आणि दोन पिझ्झे मागवले, आम्ही दोघंच असताना. मग बाहेर जाऊन मधल्या एलेव्हेटरच्या सावलीत उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, "दारावरची फळी सुटलीय बघ. कुणीतरी ठोकायला हवी, आत चिमण्या जातील."

आत गहू नाही बाबा, मी म्हटलं.

"माहितेय," ते म्हणाले, आणि पिझ्झा गार होईल म्हणून आत वळले.