मावशीला 'जुनं सोड आता' म्हणू नका

माझी मावशी नागपूरच्या महाल भागात राहते. काका एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली ती मिल २००२ ला बंद झाली, काही वर्षांनी काकाही गेले, मिलच्या जागेवर मॉल झाला, पण मावशीच्या घरात आजही सगळं काकांच्या शिफ्टवर चालतं. त्यांचा स्टीलचा डबा ती दर शनिवारी घासते, तिन्ही पुडं वेगळी करून गच्चीत उपडी घालते, आणि कोणी हात लावला की चिडते. दादाला प्रत्येक गोष्टीत एकच ऐकावं लागतं, "तुहे बाबा असते तं असं झालं नसतं." तो वैतागतो, "आई, काहून तेच तेच घेऊन बसली वं, सोड ना आता!"

मला हे 'सोड ना' अजिबात पटत नाही.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या शोकावर संशोधन करणाऱ्या दोघांनी १९९९ ला मांडलंय की दुःखातला माणूस दोन बाजूंना ये-जा करत असतो, कधी गेलेल्याच्या आठवणीत तर कधी रोजच्या कामात, आणि ही ये-जा चालू असणं चांगलंच आहे, त्रास होतो तो एकाच बाजूला अडकल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आता लांबलेला शोक वेगळा धरलाय, म्हणजे सहा महिन्यांच्या वर, रीतीभातीत बसतं त्याच्याही पलीकडे चाललेला आणि रोजचं जगणं अडवणारा. जेवण-झोप उडाली असेल तर डॉक्टरला दाखवाच, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

पण मावशीचं ऐकता ऐकता मला एक जाणवलं. तिच्या गोष्टी मिल बंद होईपर्यंत येतात आणि मग एकदम आजवर उडी मारतात, मधली वर्षं गायब! म्हणजे नेमकी ती वर्षं, जेव्हा तिने एकटीने शिलाई मशीन चालवून दोन पोरं शिकवली. मिल चालू असताना काकांचा पगार हातात यायचा, भिशी तिच्याकडे असायची, आजूबाजूच्या बाया सल्ला विचारायला यायच्या, तेव्हाची ती स्वतःच तिला हवी आहे असं मला वाटतं, आणि नंतरची राबणारी बाई तिला आठवायचीसुद्धा लाज वाटते, कारण त्या बाईला कोणी कधी शाब्बास म्हटलंच नाही.

मागे वहिनीने सहज विचारलं, आई, तेव्हा दादाची फी कशी भरली हो तुम्ही? मावशी आधी गप्प, मग सुरू झाली ती थांबेचना. इतवारीतून साड्यांचे गठ्ठे आणायचे, रात्री फॉल-पिको, धागा आपल्याच पैशाचा, लाइट गेली की दारात बसून हाताने फॉल लावायचा. "कोनाले सांगतलं नाही बाप्पा," म्हणाली.

दादाला यातलं अर्धं माहीतच नव्हतं. आता तोही विचारतो, रोज नाही, पण विचारतो.