शार्त्रचा अंधार

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्र हे गाव गाडीने तास-सव्वा तासावर. दोन्ही बाजूंना बोस प्रांताची सपाट गव्हाची शेतं, आणि गावाआधी दिसतात ते कॅथेड्रलचे दोन मनोरे. ते जुळे नाहीत. दक्षिणेचा १२व्या शतकातला, साधा, १०५ मीटरचा. उत्तरेचा ११३ मीटरचा, त्याच्यावरचं नक्षीदार शिखर १६व्या शतकात चढवलेलं. स्टेशनापासून दहा मिनिटं चालत.

बाहेरून रंगीत काचांच्या खिडक्या पाहून निराश व्हायला होतं: काळपट, धुळकट पाट्या. कॅथेड्रल गॉथिक शैलीचं, म्हणजे उंच, टोकदार कमानींचं. मुंबईकरांचं गॉथिक म्हणजे सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, रस्त्यावरून मान वर करून पाहायचं. शार्त्र आत बसून पाहायचं असतं.

आत शिरल्यावर आधी काहीच नीट दिसत नाही. बहुतेक लोक तेवढ्यात मोबाइल काढतात, चार फोटो घेतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. खुर्ची धरून निदान दहा मिनिटं बसावं, डोळे सरावू द्यावेत. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. मंद उजेडात लाल रंग काळवंडतो आणि निळा उजळतो. तिन्हीसांजेला लाल जास्वंद पानांआधी काळी दिसते, ती याचमुळे. शार्त्रच्या प्रसिद्ध निळ्या रंगात काचेत मिसळलेल्या कोबाल्ट धातूचा वाटा आहे, तसा आपल्या डोळ्यांचाही.

मधलं दालन सुमारे ३७ मीटर उंच. छताचं वजन फासळ्यांवरून खांबांवर उतरतं आणि बाहेर ढकलणारा जोर बाहेरचे कमानदार टेकू झेलतात. भिंतीला भार पेलायचं काम फारसं उरत नाही, म्हणून तिथे काच बसवता आली. पण इतकी काच असूनही आत उजेड कमीच, कारण ती गडद रंगाची आहे. गॉथिकला प्रकाशाची कला म्हणतात. माझ्या मते अंधार किती ठेवायचा, याचं ते शास्त्र आहे.

ढगाळ दिवस मिळाला तर हळहळू नका. कडक उन्हात दक्षिणेच्या काचा इतक्या पेटतात की शेजारच्या खिडक्या फिक्या पडतात. ढगाळ उजेडात सगळ्या सारख्या तेवतात. ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण हवीच. खिडक्यांतली चित्रं बहुधा खालून वर वाचायची. दक्षिणेच्या बाजूला बायबलमधल्या दयाळू शोमरोनीच्या गोष्टीची खिडकी आहे. तिच्या तळाशी चांभार काम करताना दिसतात. फोटो घ्यायचाच तर फोकस काचेवर धरून एक्स्पोजर दोन स्टॉप कमी करा; नाहीतर कॅमेरा भिंत उजळवतो आणि काच पांढरी फटक पडते. जमिनीवरचं सुमारे १३ मीटर व्यासाचं चक्रव्यूह एरवी खुर्च्यांखाली झाकलेलं असतं. लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून, ऑक्टोबरअखेरपर्यंत साधारण शुक्रवारी मोकळं करतात.

२००९पासून आतल्या भिंतींची काजळी काढून १३व्या शतकातला फिकट पिवळसर लेप पुन्हा दाखवला गेला. खांबावरच्या काळ्या मेरीच्या (येशूच्या आईच्या) मूर्तीचा चेहराही गोरा झाला, आणि मोठा वाद पेटला. लेप मूळचाच होता हे संशोधकांचं म्हणणं खरं, पण उजळ भिंत प्रकाश परतवते, आणि काचेभोवतीचा काळोख पातळ होतो. इतिहास दुरुस्त झाला, मनःस्थिती मात्र थोडी बिघडली.

११९४च्या आगीतून वाचलेल्या तीन उभ्या खिडक्या पश्चिमेच्या दारावर आहेत, साधारण ११५०च्या. त्यांच्यासाठी हिवाळ्यातली दुपार गाठावी, कारण तेव्हा दार बंद व्हायच्या आत सूर्य मावळतो. दाराकडे तोंड करून बसलं की उजवीकडे इशायाचा, म्हणजे येशूच्या पूर्वजांचा, वंशवृक्ष. ऊन सरताना तांबडा आधी विझतो. निळा बराच वेळ रेंगाळतो.