एकाच सुनेच्या दोन फायली

परदेशी व्हिसाची फाइल म्हणायची खरी, पण तिच्यातले बहुतेक कागद इथलेच असतात. डिजिटल सहीचा सातबारा, आठ अ, बँकेचं स्टेटमेंट, ग्रामपंचायतीतून काढलेला विवाह नोंदणीचा नमुना ई. मी सांगलीत वकिली आणि नोटरीचं काम करते, विजयनगरला कोर्टाजवळ बसते. व्हिसाचे अर्ज मी भरत नाही. कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन असा सल्ला द्यायला तिथला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. अर्ज ज्याचा त्याने भरायचा. त्याला जोडायचे इथले कागद नीट, खरे आणि एकमेकांशी जुळणारे तयार करणं एवढंच माझं काम. त्यात मी कुणाची गय करत नाही. मूळ कागद न बघता 'खरी प्रत' म्हणून शिक्का मारणारे नोटरी आहेत आमच्यात, आणि त्यांच्यामुळे बाहेरच्या देशातला अधिकारी आपल्या सगळ्यांच्याच शिक्क्याकडे संशयाने बघतो.

२०२४च्या मार्चमध्ये तासगाव तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका सासऱ्यांना घेऊन माझ्याकडे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम नोकरी. डिसेंबर २०२२ मध्ये लग्न झालेलं. नवरा एडमंटनला, कॅनडाचा कायम रहिवासी. लग्नानंतर तो परत गेला आणि तिला कायमचं नेण्यासाठी त्याने जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपचा अर्ज केला. अशा अर्जांना साधारण १२ महिने लागतात असं तिथलं सरकार तेव्हा सांगत होतं. ते कधीच उलटून गेले होते. दरम्यान तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन यावं म्हणून २०२३ मध्ये एका एजंटमार्फत पर्यटक व्हिसाचा अर्ज केला होता. तो नाकारला गेला.

'मग नवराच का येत नाही?' हे तिला गावात प्रत्येकाने विचारलेलं. उत्तर कायद्यात आहे. कॅनडाचा नागरिक बाहेर राहूनही बायकोला स्पॉन्सर करू शकतो, कायम रहिवाशाला मात्र तो अर्ज चालू असताना कॅनडातच राहावं लागतं. दोन-तीन आठवड्यांची चक्कर चालते, पण कामावरून तेवढी रजा मिळायला हवी. ती मिळत नव्हती. हे भावकीला कोण समजावणार? व्हिसा नाकारला म्हणजे लग्नातच काहीतरी गडबड असणार, असं बोलून लोक मोकळे झाले होते. शाळेच्या स्टाफरूममध्येही तेच. शिकलेली माणसंही यात मागे नसतात.

मी आधी जुना अर्ज मागवला. एजंटने प्रवासाचं कारण 'पर्यटन' लिहिलं होतं. नायगारा बघायचा आहे, तीन ओळींचं पत्र. नायगारा कुठे आणि एडमंटन कुठे! स्पॉन्सरशिपचा अर्ज प्रलंबित आहे ही गोष्टसुद्धा लपवायची, असा त्याचा सल्ला होता. नवऱ्याने फोनवर हट्ट धरला म्हणून तेवढ्या प्रश्नाचं उत्तर खरं गेलं. नाहीतर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली असती आणि स्पॉन्सरशिपही त्यात बुडाली असती. तिथल्या संगणकावर दोन्ही अर्ज एकाच माणसाच्या नावावर दिसतात, हे एजंटला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. फी घेऊन तो सुटला होता.

नवऱ्याने पुढे एक शहाणपणाचं काम केलं होतं. माहितीच्या अधिकारासारखा कायदा तिथेही आहे. कॅनडात असलेल्या माणसाला पाच डॉलर भरून, बायकोचं संमतीपत्र जोडून, अधिकाऱ्याने फाइलवर काय शेरा मारला ते मागवता येतं. तो शेरा त्याने मागवला होता. तिने तो माझ्यापुढे ठेवला. मोजून चार-पाच ओळी. पती कॅनडात, स्पॉन्सरशिप चालू, मायदेशातले बंध पुरेसे दिसत नाहीत, मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री पटत नाही.

तिने मला विचारलं, "मॅडम, नवरा तिथे आहे म्हणून व्हिसा नाकारला. मग मी भेटायला जाणार कोणाला?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. स्पॉन्सरशिपच्या फाइलीत ह्या दोघांनी लग्न खरं असल्याचे ढीगभर पुरावे दिले होते: फोटो, रोजचे कॉल, पाठवलेले पैसे, लग्नाला कोण कोण होतं त्याची यादी. नातं जितकं घट्ट, तितकी ती फाइल भक्कम. व्हिसाच्या फाइलीत त्याच घट्ट नात्याचा अर्थ 'ही परत येणार नाही' असा लागतो. वर आणखी एक फास आहे. स्पॉन्सरशिपच्या फॉर्ममध्ये लग्नानंतर तुम्ही एकमेकांना कधी, कुठे भेटलात हे विचारतात. व्हिसा नाकारला की तो रकाना रिकामा राहतो. नाकारलं त्यांनीच, आणि भेट नाही म्हणून नात्यावर शंकाही त्यांनीच घ्यायची.

कायदा मात्र इतका आंधळा नाही. त्यांच्या २००१च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २२ (२) स्पष्ट सांगतं की कायमचं राहायची इच्छा असली म्हणून तात्पुरतं येण्याला ती आड येत नाही, मुदतीत परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली म्हणजे झालं. मे २०२३ मध्ये त्यांचे तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी स्पॉन्सरशिप चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिसा लवकर, बहुतेक ३० दिवसांत, निकाली काढू असं जाहीरही केलं. हिचा नकार त्याच्या थोडाच आधीचा. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. सगळं उघड सांगायचं आणि खात्री पटेल असं सांगायचं, एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पिशवीतून सातबारा काढला. द्राक्षबाग, विहीर, सगळं त्यांच्या नावावर. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की सुनेच्या नावावर एकरभर केली की फाइल वजनदार होईल. बक्षीसपत्राला २०० रुपयांचाच मुद्रांक लागतो, असंही सांगितलेलं. ती सवलत नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना आहे. सुनेला ती मिळते, पण मुलगा हयात नसेल तर. हे मी सांगितलं तशी ती दोघंही गप्प झाली. आण्णांनी सातबारा उलटा करून टेबलावर ठेवला. मी पुढे समजावलं की शुल्काचा प्रश्न बाजूला ठेवा. गेल्या आठवड्याचा फेरफार सातबाऱ्यावर दिसला की कुणालाही कळतं तो कशासाठी केला. जमीन आहे तिथे राहू द्या. तिचा खरा बंध तिची नोकरी आहे.

त्या नोकरीचे कागद लावताना मला मनापासून समाधान मिळालं. एजंटने मुख्याध्यापकांचा एक दाखला जोडला होता, 'सदर शिक्षिका कार्यरत आहेत' एवढाच. मी सेवापुस्तकाचं पहिलं पान घेतलं, स्थायित्वाचा आदेश घेतला, परदेशी जाण्याची पूर्वपरवानगी रीतसर मागायला लावली. सुट्ट्यांचं पत्रक जोडलं: उन्हाळी सुट्टी २ मेपासून, शाळा १५ जूनला सुरू. जाण्यायेण्याच्या तारखा त्या सुट्टीतच बसवल्या. तेवढ्यात तिला लोकसभेच्या निवडणुकीची ड्युटी लागली. सांगलीचं मतदान ७ मेला. घरचे म्हणाले, खटपट करून ड्युटी रद्द करून घेऊ. मी म्हटलं, अजिबात नको. तो नेमणूक आदेश फाइलीत लावू, आणि निघायची तारीख मतदानानंतरची धरू. नवऱ्याला भेटायला जाण्याआधी जी बाई निवडणुकीचं काम पुरं करून निघते, ती जूनमध्ये वर्गावर हजर होईल हे कुणालाही पटावं. प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, आणि सगळ्यात वर तिचं स्वतःचं पत्र, ज्यात पहिल्याच परिच्छेदात स्पॉन्सरशिपच्या अर्जाचा क्रमांक आणि आधीच्या नकाराचा उल्लेख.

राहिलं होतं सासऱ्यांचं पत्र. सून आमच्याकडे राहते, परत येणार आहे, अशा अर्थाचा मसुदा मी टाइप करून ठेवला होता. वाचून दाखवला. आण्णा पेन हातात घेऊन बसून राहिले.

"ताई, गेल्या साली पोरगं म्हणलं, दोघास्नी एकत्र ऱ्हायचंय, आमची संमती हाय असं लिवून द्या. दिलं. आता तुमी म्हणताय ती माघारी येणार असं लिवा. म्या सही कशावर करायची?"

सून म्हणाली, "आण्णा, दोन्ही खरं आहे."

"मला ठावं हाय. त्यास्नी कसं ठावं व्हायचं?"

मसुदा त्यांनी बाजूला सारला आणि कोरा कागद मागितला. जुन्या सातवीचं अक्षर, रेघ सुटत नव्हती. त्यांनी लिहिलं ते असं: 'माझी सून शाळा सुरू होण्याच्या आत घरी येईल. तिचा कायमचा अर्ज चालू आहे. तो मंजूर झाला की ती मुलाकडे कायमची जाईल. तोवर ती आमच्याजवळ राहील. दोन्हीस आमची हरकत नाही.' 'कायमची' लिहिताना पेन थांबलं. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मग खाली तारीख विचारून घेतली आणि सही केली.

मी माझा मसुदा फाडला. त्या कागदाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. भाषांतर करून आहे तसाच जोडला, आणि तीच प्रत स्पॉन्सरशिपच्या फाइलीतही चढवा असं नवऱ्याला कळवलं. कलम २२ (२) मी कितीदा वाचलं असेल, पण ते माणसाला काय मागतं हे त्या दिवशी समोर बघितलं. एका म्हाताऱ्याला परक्या देशातल्या, कधीच न दिसणाऱ्या अधिकाऱ्यापुढे लिहून द्यावं लागतं की घर रिकामं होणार आहे, फक्त आत्ता नाही.

व्हिसाची फी १०० डॉलर. बोटांचे ठसे आधीच्या वेळी पुण्यात दिलेले, ते १० वर्षं चालतात, त्यामुळे त्याचे ८५ वाचले. निकाल महिन्याच्या आत आला. पासपोर्ट हातात पडला तेव्हा ती निवडणुकीच्या प्रशिक्षणात होती. मतदानानंतर ती गेली आणि शाळा उघडायच्या आत परत आली. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, तिथले फोटो स्पॉन्सरशिपच्या फाइलीत चढवले आणि भेटीचा तो रकाना भरला. दिवाळीच्या सुमारास कायमचाही निकाल लागला.

सगळं नीट झालं म्हणून पेढे घेऊन आली, तेव्हा मी आनंदाने खाल्लेसुद्धा. पण पहिला नकार मला अजून पचत नाही. नोकरी तीच होती, सासर तेच, सुट्टी तीच. एका एजंटच्या आळशी कागदांवर आणि पाच ओळींच्या शेऱ्यावर त्या दोघांचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष गेलं, त्याचं अपील कुठे करायचं? वरच्या कोर्टात जायला ६० दिवस असतात म्हणे, पण तासगावातल्या शिक्षिकेने ओटावाच्या वकिलाची फी कुठून आणायची? आणि तो नकार तिच्या नावावर राहणार आहे. व्हिसा कधी नाकारला गेला आहे का, असा प्रश्न बहुतेक देशांच्या फॉर्मवर असतो. तिला दरवेळी 'हो' लिहावं लागेल आणि खाली कारण द्यावं लागेल, की नवऱ्याला भेटायला निघाले होते.