शेतातल्या खोलीत लाकडाची शेगडी बसवली, त्याबद्दल

भुसावळला मे महिन्यात ४५ डिग्री असतं आणि हा गडी घरात फायरप्लेस बसवतोय, म्हणून ग्रुपवर भरपूर हसून झालंय. त्यामुळे आधी तेच सांगतो. आमचं शेत शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर आला हे तुम्ही पेपरात वाचता, आम्ही तिथे झोपतो. आणि नेमकं तेव्हाच गहू-हरभऱ्याला पाणी भरायचं असतं, मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची, मग आबा शेतातल्या खोलीतच मुक्कामाला. ओल्या पायानं आले की घमेल्यात निखारे घ्यायचे आणि दार-खिडकी लावून झोपायचे.

मला ते घमेलंच बंद करायचं होतं. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून लोकांना ते सेफ वाटतं, पण कार्बन मोनॉक्साईड त्यातूनच निघतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येतेच.

तर आता जे बसवलंय ती बंद दाराची लोखंडी शेगडी आहे. जाड पत्र्याची पेटी, आतून भट्टीच्या विटा, आणि वर सरळ छपराबाहेर गेलेला सहा इंची पाईप. तत्त्व आपल्या पाणी तापवायच्या बंबासारखंच, फक्त शेगडी हवा दोन ठिकाणांहून घेते. एक खालून, लाकडाला. दुसरी वरून, मागच्या भोकाभोकांच्या नळीतून, तापून येणारी, ती धुराला. कारण धूर म्हणजे न जळालेलं सरपणच की. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात, ते साधारण ६०० अंशांच्या आसपास पेट घेतात, तेवढी उष्णता आणि वर हवा मिळाली तर ऊब देतात, नाही मिळाली तर निम्मे डोळ्यात आणि निम्मे पाईपात डांबर होऊन बसतात.

पाईपावरून मिस्तरीशी माझं चांगलंच वाजलं. तो खालचा पाईप वरच्यात घालत होता, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. छताच्या गटाराला ते बरोबर आहे, पण शेगडीला उलटं लागतं, वरच्या पाईपाचं टोक खालच्याच्या आत पाहिजे, म्हणजे आतून ओघळणारं डांबर आतच राहून परत जळतं, नाहीतर सांध्यातून बाहेर येऊन पाईपावर काळे ओघळ आणि खोलीत घाण वास. पाऊस अडवायला वर टोपी आहेच. शेगडीजवळचा पाईप गॅल्वनाइज्डचा घेऊ नका, जास्त तापला की जस्ताची वाफ निघते, साधा काळा लोखंडी नाहीतर स्टेनलेस घ्या. काटकोनात वळवू नका, धूर अडतो. उंची किती, तर छपरातून निघतो तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही २ फूट वर. आमचे वासे सागाचे, म्हणून पाईपापासून दीड फुटाच्या आत लाकूडच ठेवलं नाही, एक वासा कापून लोखंडी अँगल टाकला. सगळ्यात जास्त पैसा ह्या पाईपातच गेला, आणि गेला तो बरा गेला.

आता खान्देशातली खरी भानगड म्हणजे कापूस. भाव वाढेल म्हणून निम्म्या गावाच्या घरात कापूस भरलेला असतो, आमच्याही ह्याच खोलीत असायचा. शेगडी पाहिजे तर कापूस दुसरीकडे, ह्यात तडजोड नाही. खाट, गोधडी सगळं शेगडीपासून ३ फूट लांब. कडब्याची गंजी पण हलवली, टोपीला जाळी आहे पण ठिणगीचा भरवसा कोण देणार. आणि जाळी काजळीनं बुजते, ती बघावी लागते.

सरपण बाभळीचं, उन्हाळ्यात फोडून वरून पत्रा टाकून ठेवलेलं. आपल्या मे महिन्याचा एवढा तरी उपयोग. ताज्या लाकडात वजनाचा तिसरा हिस्सा ते अर्धं पाणीच असतं, ते उकळवण्यातच आग संपते. वाळलेलं कसं ओळखायचं, टोकाला चिरा पडतात आणि दोन तुकडे आपटले की टणटण वाजतात. पेटवायला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बेस्ट, तशीही ती शेतात रचून ठेवू नये, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, प्लायवूड, रंगाचं लाकूड असलं काही आत टाकायचं नाही.

पेटवताना मोठी लाकडं खाली आणि पऱ्हाटी वर, आग वरून खाली येऊ द्यायची. आबा म्हटले, "हाई उलटं काय करी ऱ्हायना रे?" पण वरच्या ज्वाळेतून खालचा धूर जळून जातो, पहिला थोडा वेळ सोडला तर टोपीतून नुसती गरम हवा थरथरताना दिसते. दाट धूर दिसला की समजायचं, सरपण ओलं नाहीतर हवा कमी. रात्रभर चालावी म्हणून हवा बंद करून धुमसत ठेवायची हौस सगळ्यांना असते, डांबर त्यानंच साचतं, आणि ते कधी पेटलं तर पाईप घुमायला लागतो. तसं झालं तर दार आणि हवा दोन्ही बंद, सगळ्यांनी बाहेर, १०१ ला फोन. आत पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड वाकतं आणि वाफ अंगावर येते.

खोलीला जमिनीजवळ चार इंची भोक ठेवलंय हवेसाठी, आबा त्याला चिंध्या लावतात, मी काढतो. कार्बन मोनॉक्साईडचा बॅटरीवाला अलार्म लावलाय. गॅस सिलेंडर लीकचा अलार्म वेगळा, तो इथे चालत नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दोन-तीन दिवस तरी, कारण वरून गार राखेच्या पोटात निखारा जिवंत असतो, ती थेट उकिरड्यावर गेली की संपलं. पाईप सीझनच्या आधी आणि मध्ये एकदा ब्रशनं झाडायचा.

मायची एकच तक्रार, हिच्यात भरताची वांगी भाजता येत नाहीत. दार उघडं ठेवलं तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे भरीत बाहेर पऱ्हाटीवरच.

शालकाला आता धुळ्यातल्या फ्लॅटमध्ये अशीच पाहिजे. दुसरा मजला, वर अजून दोन घरं, पाईप काय त्यांच्या हॉलमधून नेणार? त्याला म्हटलं, भाऊ, तू गोधडी घे.