खडकावरचा चिखल आणि डिडेम्नम

ओहोटीला कोकणातल्या कातळावर फिरताना खडकाच्या सावलीतल्या बाजूला कधीकधी करडा-तपकिरी थर दिसतो. जाडी दोन-चार मिलिमीटर, स्पर्श मऊ. बहुतेक जण त्याला चिखल समजून पुढे जातात. तो बोटाने पुसून पाहा. चिखल असेल तर निघून येईल. न निघता चामड्यासारखा सरकला आणि नखाने उचलल्यावर सलग पापुद्रा सुटला, तर ती समुद्रपिचकारीची म्हणजे सी स्क्वर्टची वसाहत असू शकते: पाणी गाळून खाणारे असंख्य चिमुकले जीव एकाच आवरणात. आपल्या किनाऱ्यावर अशा वेळी पहिला संशय डिडेम्नम सॅमाटोडीसवर घ्यावा.

स्लुइटरने १८९५ मध्ये वर्णन केलेली ही जाती हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरात पसरलेली आहे, भारताच्या किनाऱ्यावरही तिची नोंद आहे. नावातला ग्रीक शब्द वाळूचा, पण आवरणात भरलेले असतात ते विष्ठेचे कण. प्रत्येक जीव पाण्यातला गाळ गाळून खातो, उरलेल्याच्या लांबट गोळ्या बाहेर टाकतो आणि त्या गोळ्या वसाहतीच्या सामाईक आवरणात ठासून बसतात. म्हणून रंग चिखलाचा. रंगावरून जाती ठरवायची नसते, हे पहिल्याच दिवशी शिकवणारा हा प्राणी!

घोटाळा होतो तो मुख्यतः स्पंजशी. डिडेम्नमच्या पृष्ठभागावर इथे-तिथे मोठी भोकं असतात, ती स्पंजच्या भोकांसारखीच दिसतात. ती सामाईक उत्सर्जनाची तोंडं. स्पंजवर नसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यामधल्या जागेत विखुरलेले, टाचणीच्या टोकाएवढे सहा पाकळ्यांचे ठिपके. त्यातला प्रत्येक ठिपका एका जीवाचं तोंड. पाण्याखाली दहा पट भिंगातून पाहा आणि सुईने हळूच टोचा. ठिपका मिटला तर स्पंज बाद. हे पाण्यातच करायचं, कारण ओहोटीत उघडी पडलेली वसाहत आधीच मिटलेली असते.

दुसरा घोटाळा बोट्रिलस आणि बोट्रिलॉइडीस या दुसऱ्या समुद्रपिचकाऱ्यांशी. जेटीच्या खांबांवर, होडीच्या तळावर, शिणाण्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) दोरांवर हे बसतात. बोट्रिलसचे जीव फुलाच्या पाकळ्यांसारखे एका भोकाभोवती, तर बोट्रिलॉइडीसचे लांब दुहेरी रांगेत. दोन्हींच्या आवरणात चुन्याचे सूक्ष्म कण नसतात, डिडेम्नमच्या असतात. त्यांच्या जीवाला छाती-पोट असे भाग नाहीत, आतडं कल्ल्याच्या पिशवीला लागूनच असतं. डिडेम्नमचा जीव जेमतेम मिलिमीटरचा आणि मधोमध कमरेसारखा आवळलेला: वर छाती, खाली पोट.

छातीत कल्ल्याची पिशवी, तिच्यावर फटींच्या चार ओळी. ओळी तीनच भरल्या तर तो ट्रायडिडेम्नम हा जवळचा वंश (पुढे येणारी नावंही अशाच जवळच्या वंशांची). पाणी तोंडातून आत येतं, फटींवरच्या केसांच्या हालचालीने ओढलं जातं, एंडोस्टाइलने (पिशवीतल्या चिकटा सोडणाऱ्या खाचेने) सोडलेल्या चिकट जाळीत अन्नकण अडकतात आणि खाली जठरात जातात. बाहेर पडायला डिडेम्नमला वेगळी नळी नसते. बाजूला एवढी मोठी उघडी खिडकी असते की कल्ले थेट दिसतात, आणि पाणी सामाईक पोकळीत जाऊन त्या मोठ्या भोकांतून निघतं. तिथे मागे वळलेली नळी दिसली तर लेप्टोक्लिनाइडीस तपासा.

निकाल मात्र पोटात लागतो. वृषण एक, अखंड, आणि त्याच्याभोवती शुक्रवाहिनीची नळी स्प्रिंगसारखी वेटोळी घालून बसलेली. वाहिनी सरळ असेल तर लिसोक्लिनम किंवा डिप्लोसोमा (डिप्लोसोमात चुना मुळीच नसतो). वेटोळी आहेत पण वृषणाचे अनेक तुकडे आहेत, तर पॉलिसिंक्रॅटन. ही एक गोष्ट बघायला म्हणून सगळी खटपट.

खटपट फसते ती बहुधा घाईमुळे. जिवंत पापुद्रा सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जीव आखडून गोळा होतो, मग ओळी मोजता येत नाहीत. आधी थोड्या समुद्राच्या पाण्यात पसरट डबीत ठेवा, वर मेन्थॉलचे चार-पाच खडे टाका (काष्ठौषधीच्या दुकानात पुदिन्याचं फूल म्हणून मिळतं), झाकण लावून सावलीत दोन-तीन तास ठेवा. सुईने टोचल्यावर तोंड मिटेनासं झालं की पुढचं काम. उन्हात ठेवलेल्या डबीत भूल येण्याआधीच कुजायला लागतं.

बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग, समुद्राचं पाणी नऊ भाग. त्यात बोरॅक्स, तळाशी थोडं न विरघळता उरेल इतकं. हे विसरू नये. फॉर्मॅलिन आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात आवरणातला चुना काही दिवसांत विरघळतो. नंतर तीच वसाहत बिनचुन्याची दिसते आणि डिप्लोसोमाच्या नावावर लागते. फॉर्मॅलिन मोकळ्या हवेत, हातमोजे घालून हाताळा. डीएनए तपासायचा असेल तर वेगळा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, त्याला फॉर्मॅलिनचा स्पर्शही नको.

चुना म्हणजे स्पिक्यूल, काटेरी चेंडूसारख्या सूक्ष्म चांदण्या. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कपड्यांच्या ब्लीचमध्ये तासभर ठेवा, मांस विरघळलं की वरचं पाणी ओता, गोड्या पाण्याने तीनदा धुऊन थेंब काचेवर वाळवा आणि ४०० पट मोठा करून पाहा. सॅमाटोडीसमध्ये चांदण्या विरळ असतात, त्यात विष्ठेतला गाळही तळाशी बसतो, तेव्हा धीराने शोधा. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे पाहणं सोपं, पण शंखाच्या चुऱ्यालाही बुडबुडे येतात. आकार दिसल्याशिवाय चुना मान्य करू नका.

जीव काढायला पापुद्रा ब्लेडने उभा कापा, काप मिलिमीटरभर जाड. पातळ कापले की छाती एकीकडे आणि पोट दुसरीकडे जातं. मग दोन बारीक सुयांनी, २० ते ४० पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, आवरणातून जीव सोडवा. दहा-पंधरा तरी काढा, कारण सगळे एकाच वेळी पिकलेले नसतात. कुणात वृषण भरलेलं, कुणात फक्त अंडं, कुणात काहीच नाही. आवरणात खालच्या बाजूला पिवळसर थेंब आणि त्याला शेपूट दिसली तर ती अळी. त्या शेपटीत पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, कण्याआधीची लवचिक दांडी) असतो, म्हणून हा खडकावरचा चिखल वर्गीकरणात माशांच्या आणि आपल्या कुळाशेजारी बसतो. काही तास पोहून अळी डोक्याकडून चिकटते आणि शेपूट आत जिरवून टाकते.

पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी शोधू नका, गोडं पाणी यांना मानवत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणून बॅटरी हवीच. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. उलटा राहिला तर खालचं सगळं उन्हात मरतं. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही खरवडू नये. बाकी ठिकाणीही एका वसाहतीतून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरतो. खरवडण्याआधी पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, चिठ्ठीवर पेन्सिलीने जागा, तारीख आणि जिवंतपणीचा रंग लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शाई फॉर्मॅलिनमध्ये उतरते.